बटणावरचा अंगठा

बाबालाल मिस्त्रींनी गाडी गॅरेजच्या दारात आणून उभी केली, इंजिन चालू ठेवूनच पहिला गिअर टाकला आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून हवेत धरले.

"बघा ताई. गिअरमध्ये हाय. जाग्यावर उभी हाय. मेली का?"

मेली नव्हती. पोट भरलेल्या मांजरासारखी गुरगुरत होती. मी गॅरेजच्या लोखंडी खुर्चीत कुबड्या मांडीवर आडव्या टाकून बसले होते, आणि माझा भाऊ इमूदादा शेजारी उभा राहून माझ्याकडे न बघता गाडीकडे बघत होता.

"पार वॉनलेसवाडीपर्यंत जाऊन आलो," मिस्त्री खिडकीतून मान काढून सांगू लागले. "चौकात थांबलो, बाजारात गर्दीत थांबलो. एकदा म्हणून न्हाई मेली. कार्बोरेटर धुतलाय, प्लग नवं घातल्यात, आयडल जरा वाढवून दिलाय. आता ही गाडी तुमच्या नातवापातुर चालंल बघा."

"मला नवराच नाही, मिस्त्री. नातू कुठला आणू?"

ते हसले, पण मनापासून नाही. कारण पुढचा प्रश्न त्यांना माहीत होता.

"मग माझ्याच हातात का मरते?"

मिस्त्रींनी इंजिन बंद केलं, पानाची पिंक टाकून आले आणि इमूदादाकडे बघून बोलले. अवघड गोष्ट निघाली की पुरुष माझ्याशी बोलताना माझ्या भावाकडे बघतात, याची मला सवय आहे.

"राग मानू नका. ताईंचं बटण लवकर सुटत असंल. क्लच एकदम सुटला की कुठलंबी इंजिन मरतंय. शिकाऊ माणसाचं बघा की, चौकाचौकात आचके देत जातंय."

"मी शिकाऊ?"

"तसं न्हवं वो. पण माझ्याआधी दोघा मिस्त्र्यांनी गाडी बघितली, आता मी बघितली. तिघांस्नी कायबी घावलं न्हाई म्हंजे…" आणि त्यांनी वाक्य तिथंच सोडून दिलं. नाचता येईना अंगण वाकडं, एवढंच म्हणायचं बाकी ठेवलं होतं बिचाऱ्यांनी.

बटणाचं सांगते. मला लहानपणी पोलिओ झाला. दोन्ही पायांना कॅलिपर, काखेत कुबड्या. वरचं अंग मात्र धडधाकट, आणि हात तर पप्पांसारखे. आमचा घरचा धंदा पेट्या दुरुस्त करण्याचा. मिरजेत तंबोरे, सतारी करणारी घरं पुष्कळ, पण पेटीचे सूर लावायला लोक आमच्याकडे यायचे. पप्पा गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. गावोगावच्या भजनी मंडळांना, शाळांना, चर्चना पेटी उचलून मिरजेला आणणं जिवावर यायचं. मी तिथं गेले तर काम तिथल्या तिथं व्हायचं, पण जाणार कशी? इमूदादाला रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून सुटी मिळेल तेव्हा, त्याच्या स्कूटरवर, त्याला कंटाळा आलेला नसेल तर. म्हणून ही गाडी घेतली. जुनीच, छोटी, पांढरी. पुण्याच्या एका माणसाने तीत हातांनी चालवायची सोय करून दिली. स्टिअरिंगखाली उजव्या हाताला एक दांडा, ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. आणि क्लचसाठी गिअरच्या मुठीवर एक बटण. डाव्या अंगठ्याने ते दाबून धरलं, की इंजिन स्वतःच्याच ओढीने क्लच आत खेचून धरायचं. अंगठा उचलला की क्लच सुटायचा. खालचे पायाचे पेडल त्याने तसेच ठेवले होते. म्हणाला, राहू देत बाई, कधी दुसऱ्या कुणाला चालवायची झाली तर.

त्या गाडीने मी जतला गेले, कवठे महांकाळला गेले, कुरुंदवाडच्या शाळेत दिवसभर बसून तिथल्या पेट्या एकामागून एक गात्या केल्या. कुणाच्या सुटीची वाट न बघता. ज्याला पाय आहेत त्याला यातलं सुख समजायचं नाही, त्यामुळे मी ते कुणाला सांगत बसत नाही.

आणि मग पावसाळा संपता संपता गाडी मरायला लागली. रस्त्याला धावताना काही नाही. न्यूट्रलमध्ये उभी असताना काही नाही. पण तापल्यावर कुठे थांबून गिअर टाकला, बटण दाबून निघायची वाट बघत राहिले, की जीव सोडायची. बेडगच्या वाटेवर रेल्वेचं फाटक लागतं. गेल्या आठवड्यात तिथं फाटक उघडायच्या वेळी मी गिअर टाकून तयार होते. पुढची बैलगाडी संथपणे रुळांवर चढली, तिच्या मागे मी. ती रुळांतच थांबली, म्हणून मी थांबले, आणि गाडी मेली. रुळांवर. चार माणसांनी ढकलून पलीकडे नेली. गेटमन इमूदादाच्या ओळखीचा निघाला, त्यामुळे मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

गॅरेजमधून आम्ही रिक्षाने घरी निघालो. गाडी तिथंच ठेवली.

"रविवारी जयसिंगपूरचे एक गृहस्थ येतायत," इमूदादा म्हणाला. "चर्चच्या उपासनेनंतर. गाडी बघायला."

"आपल्याला विकायची आहे, हे मला कधी कळणार होतं?"

"आत्ता कळलं की."

"इमूदादा."

"सुवी, ऐक माझं. तीन मिस्त्री म्हणतात गाडीत दोष नाही."

"मग कुणात आहे?"

तो रिक्षाच्या बाहेर बघायला लागला. माझं नाव सुवार्ता. म्हणायला लांब पडतं म्हणून घरात सगळे सुवी म्हणायचे, आणि आता घरात आम्ही दोघंच होतो. वहिनी जाऊन दोन पावसाळे झाले होते. तेव्हापासून इमूदादा कुठलीही गोष्ट हातातून निसटण्याआधी स्वतःच सोडून द्यायचा.

"डॉक्टर म्हणत होते," तो रस्त्याशी बोलल्यासारखा बोलला, "लहानपणी पोलिओ झालेल्यांना चाळिशीत पुन्हा अशक्तपणा येतो म्हणे. चांगल्या राहिलेल्या ठिकाणीसुद्धा. हातात वगैरे. आधी कळतच नाही. वस्तू सुटते हातातून, आणि माणसाला वाटतं आपण धरलेलीच आहे."

मी माझ्या डाव्या अंगठ्याकडे बघितलं. अंगठा गेला तर नुसती गाडी जात नव्हती. सुराची पितळी जीभ अंगठ्यावर तोलून कानशीने खरवडायची असते, केसाएवढी जास्त खरवडली की सूर गेलाच. मिरजेत बसून का होईना, पण माझं पोट आणि माझा मान त्या अंगठ्यावर होता. शनिवार मध्ये होता. रविवारी गाडी जाणार होती, आणि ती गेली की दोष गाडीत होता की माझ्यात, हे मला जन्मभर कळणार नव्हतं.

आणि मला कळायला हवं होतं. हा माझा स्वभावच आहे, पप्पा त्याला खोड म्हणायचे. दोष माझ्यात निघाला असता तरी मी रडून घेतलं असतं आणि पुढे गेले असते. पण न निघालेला दोष मला झोपू देत नाही.

घरी आल्याबरोबर कामाच्या खोलीत गेले. दुरुस्तीला आलेली एक शाळेची पेटी होती. भाता भरून घेतला, डाव्या अंगठ्याने एक पट्टी दाबली आणि धरून ठेवली. अंगठा जरा जरी सैल पडला, तर सूर थरथरणार. माझ्या कानाला ते लगेच कळलं असतं. सूर सरळ रेघेसारखा चालू राहिला. पुन्हा भाता भरला, पुन्हा धरली. पुन्हा तेच. अंगठ्याचं म्हणणं मला पटत होतं, पण अंगठा पडला आपल्या घरातला साक्षीदार.

तिसऱ्या खेपेला मी भाता रिकामा होईपर्यंत धरून राहिले. हवा संपत आली तसा सूर खाली बसत गेला, बारीक झाला आणि विझला. मी तशीच बसून राहिले. हे मी कुठेतरी ऐकलं होतं. कुठे?

गाडीत! गाडी अशीच मरत होती. आधी आवाज खाली बसायचा, मग दम लागल्यासारखी थरथर, मग बंद. बटण सुटून मेली असती, तर क्लच सुटून गाडीने पुढे आचका दिला असता. शिकताना मी ढिगाने आचके खाल्ले होते, कपाळावर टेंगूळ आणलं होतं. मला आचका चांगला माहीत होता. आणि फाटकावर आचका बसला नव्हता. ढकलणारी माणसं येईपर्यंत गाडी होती तिथंच, शांत उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी इमूदादा ड्यूटीला गेल्यावर मी रिक्षा बोलावून गॅरेज गाठलं. बाबालाल मिस्त्री एका जीपखाली आडवे होते.

"मिस्त्री, बाहेर या. मांडी घाला."

"आँ?"

"माझ्या गाडीत. ड्रायव्हरच्या सीटवर. जेवायला बसल्यासारखी मांडी घाला आणि एक चक्कर मारून या."

ते जीपखालून अर्धे बाहेर आले आणि तसेच पडून माझ्याकडे बघत राहिले. "ताई, तब्येत बरी हाय न्हवं?"

"मी चालवते तेव्हा पाय वापरत नाही. तुम्ही चालवता तेव्हा वापरता. मग आपण दोघं एकच गाडी चालवतोय कशावरून?"

हे त्यांना पटलं की गंमत वाटली, सांगता येत नाही. पण बाबालाल मिस्त्री मूळचे हौशी माणूस. हात पुसले, चपला काढून गाडीबाहेर नीट जोडीने ठेवल्या, कुणाच्या घरात शिरावं तसे आत शिरले आणि मांडी घालू लागले. पोट आडवं येत होतं. एक गुडघा दाराला, दुसरा गिअरला. मी शेजारच्या सीटवर बसून घेतलं.

"आता दांड्याने ब्रेक. बटण दाबा. गिअर टाका."

टाकला. आणि त्यांचा डावा पाय मांडीतून सुटून पेडलकडे निघाला.

"पाय!"

"आयला! त्यो आपणहून जातोय वो. मी न्हाई पाठवला."

तीनदा पाय गेला. चौथ्यांदा पाय राहिला, पण अंगठा गडबडला, क्लच सुटला आणि गाडीने असा आचका दिला की मिस्त्रींची टोपी मागच्या सीटवर गेली.

"हे बघा," मी म्हणाले, "हे बटण सुटणं. हा आचका लक्षात ठेवा."

"ठेवला," मान चोळत ते म्हणाले.

मग हळूहळू त्यांना जमलं. वस्ताद माणूस तो, शेवटी हात त्याचेच होते. गॅरेजच्या मागच्या मोकळ्या मैदानात त्यांनी चार फेऱ्या मारल्या. इंजिन तापलं. मी म्हणाले, आता थांबा, पहिला गिअर टाका, बटण दाबून धरा, आणि फाटक उघडायची वाट बघताय असं समजा.

ते थांबले. अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत त्यांनी बटण दाबलं होतं. मी त्या अंगठ्याकडे बघत होते, ते समोर बघत होते. इंजिनचा आवाज जरा खाली आला. आणखी खाली आला. गाडी थरथरली आणि मेली. आचका नाही, काही नाही.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. अंगठा अजून बटणावरच होता.

"म्या सोडलं न्हाई."

मी वाकून त्यांचा अंगठा जवळून बघितला.

"आईच्यान सांगतो ताई, सोडलं न्हाई! हे बघा, अजून दाबल्यालं हाय."

"राग मानू नका मिस्त्री," मी म्हणाले, "पण बटण लवकर सुटत असेल."

ते एकदम असे हसत सुटले की मांडी घातलेले सगळेच्या सगळे हलायला लागले. मलाही हसू आवरेना. पण खरं सांगते, हसता हसता मी माझा डावा हात उजव्या हाताने घट्ट धरून ठेवला होता. तो माझा होता. तो चांगला होता.

हसणं ओसरल्यावर मिस्त्री एकदम गंभीर झाले. आता गाडीने त्यांना फसवलं होतं, आणि ती गोष्ट वेगळी होती. तसेच मांडी घालून डोकं खाजवत बसले.

"गिअर काढून बघू का?" ते म्हणाले. "न्यूट्रलमध्ये ठिवतो आणि नुसतंच बटण दाबतो."

हे मला सुचलं नव्हतं. न्यूट्रलमध्ये बटण दाबायचं कारणच कधी पडत नाही. त्यांनी इंजिन चालू केलं, गिअर न टाकताच बटण दाबलं. आवाज खाली बसला. सोडलं, वर आला. पुन्हा दाबलं. पुन्हा बसला, आणि या वेळी दाबूनच ठेवलं तर मेली.

"च्या मायला," मिस्त्री हळूच म्हणाले. "गिअरचा काय संबंधच न्हाई हितं."

इतके महिने आम्ही सगळे म्हणत होतो, गाडी गिअरमध्ये मरते. चोर सोडून संन्याशाला फाशी. गिअर टाकायचा तर बटण दाबावं लागतं, म्हणून दोघं नेहमी बरोबर दिसायचे, आणि नाव गिअरचं व्हायचं.

"पण मिस्त्री, तुम्ही त्या बटणाच्या सामानाकडे एकदाही बघितलं नाहीत?"

ते जरा अवघडले. "ते कसं बघणार, ताई? ते तुमचं हाय."

"माझं म्हणजे? गाडी माझीच आहे."

"तसं न्हवं. गाडी ती गाडी. पण ते सामान म्हंजे… तुमच्या कुबड्या मी कधी उचलून बघितल्या का? तुम्ही बसला की हितं भिंतीला टेकून असत्यात. माणसानं हात लावू ने. तसंच ते."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. तिन्ही मिस्त्रींनी माझ्या गाडीचा एकूण एक भाग उलटापालटा केला होता, फक्त माझा सोडून. आणि तोही अदबीने.

"लावा हात," मी म्हणाले. "मी सांगते, लावा."

बॉनेट उघडलं. आत एका बाजूला लहान ढोलकीएवढा पत्र्याचा डबा होता. त्यातून एक जाड नळी इंजिनला जात होती आणि एक तार क्लचला. डब्याच्या आत रबराचा पडदा असतो, मिस्त्रींनी सांगितलं. बटण दाबलं की इंजिन नळीतून हवा ओढतं, पडदा खेचला जातो, पडदा तार खेचतो. डब्याच्या दुसऱ्या अंगाला एक उघडं भोक होतं, पडद्यामागे हवा यायला.

"म्हणजे भाताच की हा," मी म्हणाले. "उलटा."

आमच्याकडे पेटीचा भाता तपासायचा तर आधी तो भरून घ्यायचा आणि एकही पट्टी न दाबता बघत बसायचं. आपोआप खाली आला तर हवा कुठेतरी चोरीला जातेय. नेमकी कुठे, ते बघायला पप्पा उदबत्ती लावून भात्याभोवती फिरवायचे. धूर जिकडे वळेल तिकडे चोर.

"उदबत्ती आहे का?"

"हाय की. पिराच्या फोटोम्होरं," म्हणत मिस्त्री दोन पावलं गेले आणि गर्रकन वळले. "अवो ताई! पेट्रोलचं इंजिन हाय! दोघं मिळून वर जाऊ की!"

मग पतंगाचा कागद आणवला. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला, जांभळा. बटणावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली, म्हणजे अंगठा कुणाचाच नको. मिस्त्रींनी बॉनेटपाशी उभं राहून हाताने वेगाची तार ओढून इंजिन मरू दिलं नाही, आणि मी कुबड्या काखेत रोवून, वाकून, कागदाची चिंधी त्या भोकापुढे धरली.

"पडदा चांगला असेल तर काय व्हायला पाहिजे?" मी विचारलं.

"एकदा हवा वढंल आणि बास. पडदा जाग्यावर गेला की हवा थांबली पायजे."

चिंधी माझ्या बोटातून सुटून भोकाला चिकटली. चिकटलेलीच राहिली. फडफडत, ओढली जात, आत जायला बघत. मी ती सोडवली, ती पुन्हा चिकटली. पडदा केव्हाच जागेवर गेला होता, आणि हवा आतून इंजिनात चाललीच होती. धावत्या गाडीला एवढ्या फुकट हवेचं काही वाटत नसणार, उभ्या गाडीचा मात्र तिच्यामुळे जीव जात होता.

डबा उघडून पडदा बाहेर काढला तेव्हा आधी काहीच दिसलं नाही. काळं, जाड, धडधाकट रबर. मिस्त्रींचा चेहरा पडला. मी तो त्यांच्या हातातून घेतला, दोन्ही अंगठ्यांनी ताणला आणि उन्हाकडे धरला. कडेजवळ एक चीर उघडली. सैल सोडला की मिटायची, ताणला की उघडायची. नखाएवढी.

आम्ही दोघं आळीपाळीने ती चीर बघत बसलो. पुष्कळ वेळ. नवीन बाळ बघावं तसं.

इमूदादा दुपारी ड्यूटी संपवून मला शोधत आला, तेव्हा मिस्त्री ट्रकच्या ट्यूबमधून नवा पडदा कापत होते. पुण्याहून खरा येईस्तोवर चालेल, म्हणाले. त्यांनी कात्री टाकून सगळं पहिल्यापासून सांगितलं, मांडीसकट, टोपीसकट. "ताईंचा अंगठा एक नंबर हाय, साहेब. माझ्याच अंगठ्यात गाडी मेली!"

इमूदादाने फाटका पडदा मागून घेतला. ताणला, सोडला. पुन्हा ताणला, सोडला. मग तो मिस्त्रींच्या हातात देऊन बाहेर गेला आणि टायरच्या ढिगावर जाऊन बसला. मला वाटलं रागावला. मी कुबड्या घेऊन त्याच्यापाशी गेले.

"काय झालं? जयसिंगपूरच्या माणसांना काय सांगायचं याची काळजी लागली?"

"त्यांना फोन करतो. ते काही नाही. सुवी, मी तुझ्या हातांवर नजर ठेवून होतो."

"कधीपासून?"

"डॉक्टर बोलले तेव्हापासून. पावसाळ्यापासूनच. तू कप कसा उचलतेस, सुई कशी ओवतेस. लोणच्याची बरणी आहे ना आपली, काचेची? रोज जेवण झाल्यावर तिचं झाकण मी मुद्दाम दाबून, जोर लावून फिरवून ठेवायचो. दुसऱ्या दिवशी तुला उघडता येतं का बघायला."

त्या बरणीचा मला कधी संशयसुद्धा आला नव्हता.

"मग? उघडता आली की नाही मला?"

"रोज उघडलीस."

"रोज उघडली, तर मग गाडी कशाला विकायला काढलीस, येड्या?"

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पार्सल ऑफिसातला तो थोराड माणूस, हमालांवर ओरडणारा. वहिनी गेल्या तेव्हासुद्धा तो माझ्यासमोर रडला नव्हता.

"मला वाटायचं," तो हातांच्या आडून म्हणाला, "मीच सैल लावलं असणार."

मला त्याचा राग यायला हवा होता. माझ्याशी न बोलता त्याने माझ्यावर पाळत ठेवली होती, माझी गाडी विकायला काढली होती. पण त्या क्षणी मला त्याची इतकी माया आली की एक कुबडी सोडून मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तोल जाऊ नये म्हणून त्याचे केस जरा जास्तच जोरात धरले. तो ओरडला, तेव्हा कुठे आम्ही दोघं हसलो.

संध्याकाळी नवा पडदा बसला. गाडी मीच घरी आणली. वाटेत मुद्दाम बाजारातून घेतली, गर्दीत गिअर टाकून, बटण दाबून उभी राहिले. इमूदादा शेजारी बसला होता. दर वेळी त्याची नजर आधी माझ्या अंगठ्यावर जायची, आणि मग आपली आपणच शहाण्यासारखी रस्त्यावर यायची.

घरी आल्यावर तो कोपऱ्यावरच्या बूथवर जयसिंगपूरला फोन करायला गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन फळीवरची बरणी खाली घेतली. झाकण फिरवलं. फिरेना. पदराने हात पुसून पुन्हा धरलं, सगळा जोर लावला, तेव्हा करकर करत उघडलं. सैल कसलं! बाप्यामाणसाने दात ओठ खाऊन बसवलेलं झाकण होतं ते. मी एक फोड तोंडात टाकली आणि झाकण पुन्हा लावून ठेवलं, माझ्या हाताने.

रविवारी उपासनेहून आल्यावर आम्ही जेवायला बसलो. इमूदादाने बरणी ओढली, झाकण धरलं, फिरवलं. गुडघ्यांत धरून फिरवलं. टॉवेल लावून फिरवलं. त्याचं तोंड लाल झालं, वरण निवत चाललं, तरी झाकण जागचं हलेना.

"आण इकडे," मी म्हणाले.